वादळ ओसरल्यानंतरचे बळी

मे २०२१ च्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे निघून गेले. गोव्यात त्याने दोन बळी घेतले, असे सरकारी निवेदन आहे: एक माड कोसळून, दुसरा विजेचा खांब अंगावर पडून. झालेल्या पडझडीच्या मानाने हा आकडा लहान, आणि तो लहान राहिला याचे समाधान मानण्यात गैर काही नाही. परंतु ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना गावेच्या गावे काळोखात बुडालेली आठवत असतील. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. आणि त्यातच कोविडच्या दुसऱ्या लाटेचा कहर. घरी प्राणवायूच्या यंत्रावर विसंबलेला रुग्ण, फ्रिजमध्ये इन्सुलिन जपून ठेवणारा मधुमेही, आडव्या पडलेल्या झाडांमुळे इस्पितळाची वाट बंद झालेली गर्भवती, यांपैकी कोणाचे काही बरेवाईट झाले असल्यास ते वादळाच्या खाती जमा होत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार येतो, मूत्रपिंडाचा विकार येतो. वारा येत नाही.

वादळ आणि आरोग्य यांच्या संबंधाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला तो आपल्याच उपखंडात. नोव्हेंबर १९७० मध्ये तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळानंतर ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील आल्फ्रेड सॉमर आणि वायली मोस्ले हे दोन डॉक्टर घराघरांची नमुना पाहणी करीत फिरले. किमान २ लक्ष २४ हजार माणसे दगावली, असा त्यांचा हिशेब निघाला. मेलेल्यांत मुले, वृद्ध आणि स्त्रिया यांचे प्रमाण फार मोठे होते, कारण लाटेच्या तडाख्यात झाडाला घट्ट मिठी मारून राहण्याचे बळ ज्यांच्या हातांत होते तेच वाचले होते. वाचलेल्यांच्या छातीवर, दंडांवर आणि मांड्यांवर झाडाच्या सालीने सोलवटल्याच्या जखमा होत्या. जगभरातून औषधे आणि फिरती इस्पितळे येऊन थडकत होती. लोकांना मात्र त्याहून अधिक निकड होती ती अन्नाची, छपराची आणि शेतीच्या अवजारांची. हा निष्कर्ष १९७२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आपत्तीत काय पाठवावे हे आधी मोजून ठरवावे, ही साधी गोष्ट तोवर कोणाला सुचली नव्हती.

पुढे एप्रिल १९९१ मध्ये बांगलादेशावर पुन्हा तसेच संकट कोसळले आणि सुमारे १ लक्ष ३८ हजार लोक मृत्युमुखी पडले. त्या वेळच्या पाहणीत जे लोक पक्क्या, विटा-सिमेंटच्या इमारतीत पोहोचले त्यांपैकी एकही दगावलेला आढळला नाही. जे पोहोचू शकले नाहीत त्यांतले शेकडा २२ गेले. किनाऱ्यावर पक्की निवारागृहे बांधण्याच्या बाजूने याहून बोलका पुरावा तो काय हवा? ओडिशाने १९९९ च्या महावादळात सुमारे १० हजार माणसे गमावली. मे २०१९ मध्ये ‘फणी’ आले, तेव्हा त्याच राज्याने दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलविले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

येणेप्रमाणे लाट आणि वारा यांपासून जीव वाचविण्याची विद्या बव्हंशी हस्तगत झाली आहे. वारा थांबल्यावर जे घडते त्याची विद्या मात्र अजून बाल्यावस्थेत आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ वादळाने पोर्तो रिको बेट उद्ध्वस्त केले, तेव्हा मृतांचा सरकारी आकडा ६४ होता. संशोधकांनी एकूण मृत्यूंची नेहमीच्या प्रमाणाशी तुलना केली आणि पुढील वर्षी सरकारला तो २,९७५ असा मान्य करावा लागला. महिनोन्महिने वीज नव्हती; दवाखाने, डायलिसिस, औषधांची दुकाने सारेच ठप्प होते. माणसे बुडून नव्हे, उपचारावाचून गेली.

२०२४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला यंग आणि श्यांग यांचा अमेरिकेविषयीचा अभ्यास तर याच्याही पुढे जातो. १९३० ते २०१५ या काळातील ५०१ वादळे त्यांनी तपासली. सरकारी नोंदीप्रमाणे एका वादळात सरासरी २४ माणसे मरतात. त्यांच्या गणिताप्रमाणे पुढील पंधरा वर्षांत मिळून ७ ते ११ हजार. वादळाच्या वेळी गर्भातही नसलेली बालके यात आहेत. हे संख्याशास्त्राचे अनुमान आहे आणि अमेरिकेचे गणित जसेच्या तसे येथे लावणे शहाणपणाचे नाही. परंतु बुडालेली बचत, गेलेला रोजगार आणि विस्कटलेले कुटुंब यांतून अकाली मरण येते, ही त्यांची कल्पना कोकणातल्या माणसाला परकी वाटू नये. जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-दापोलीकडील नारळी-पोफळीच्या वाड्या झोपविल्या. नवी पोफळ उत्पन्न देऊ लागेपर्यंत पाच-सात वर्षे जातात. तितकी वर्षे त्या घरातील म्हाताऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोठून यायच्या?

वादळे ही पूर्व किनाऱ्याची डोकेदुखी, अशी आपली समजूत होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी अलीकडच्या दोन दशकांत अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या निम्म्याहून अधिक वाढल्याचे दाखवून दिल्यावर ती टिकणारी नाही. आणि अशा अभ्यासासाठी गोव्याइतकी सोयीची भूमी देशात क्वचितच सापडेल. राज्य लहान, मृत्यूची नोंद जवळजवळ पूर्ण, आणि मृत्यूच्या कारणाला डॉक्टरी प्रमाणपत्र मिळण्याचे प्रमाण देशात अग्रगण्य. मे २०२१ मधील मृत्यू कोविडमुळे किती आणि विजेवाचून किती, ही फारकत करणे कठीण आहे, हे खरे. तथापि वीज कोणत्या गावात किती दिवस नव्हती याची नोंद वीज खात्याकडे असणार आणि मृत्यूंची नोंदवही निबंधकाकडे आहे. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समाजवैद्यक विभागाने या दोन वह्या एकमेकींशेजारी ठेवाव्यात आणि आरोग्य खात्याने त्यासाठी लागणारा थोडासा पैसा द्यावा, एवढीच आमची मागणी आहे.