डोक्यावरचे पत्रे आणि त्यांतील धोका

आपल्या आनंद नगरात पडवीवर, न्हाणीघरावर किंवा दुकानावर करड्या रंगाचे पन्हळी पत्रे दिसतात. आपण त्यांना सिमेंटचे पत्रे म्हणतो. परंतु अशा बहुतेक जुन्या पत्र्यांत सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतूही असतात. त्याविषयी चार शब्द सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ॲस्बेस्टॉस हा दगडच. पण कापसासारखा पिंजता येतो आणि आगीत जळत नाही. प्राचीन ग्रीकांनाही तो ठाऊक होता. यंत्रयुगात त्याला मोठी मागणी आली. आपल्या मध्य प्रदेशात कटनीजवळ कैमोर येथे १९३४ साली अशा पत्र्यांचा कारखाना निघाला. पत्रा स्वस्त, टिकाऊ आणि न गंजणारा. गरिबाने तो आनंदाने स्वीकारला, यात नवल नाही.

पण त्याचे दुसरे रूप फार पूर्वीच उघड झाले होते. १९०६ साली लंडनचे डॉ. माँटेग्यू मरे यांनी सरकारी समितीपुढे या धुळीने मेलेल्या कामगाराची हकीकत सांगितली. १९५५ मध्ये डॉ. रिचर्ड डॉल यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाशी, तर १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉ. वॅग्नर यांनी फुफ्फुसावरील आवरणाच्या कर्करोगाशी तिचा संबंध दाखविला. मुंबईत घाटकोपरच्या एका कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाप्रमाणे त्यांपैकी ४१ जणांना ॲस्बेस्टॉसचा फुफ्फुसरोग जडला होता.

हे घडते कसे? तंतू उभा चिरत जाऊन केसाहून कितीतरी पट बारीक होतो. श्वासाबरोबर तो फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन रुततो. शरीराला तो पचत नाही, की बाहेर टाकता येत नाही. भोवती व्रण धरतात, फुफ्फुस ताठर होते, दम लागतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. कामगाराचे धुळीने भरलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांनाही हे रोग झाल्याची उदाहरणे आहेत.

हवेतून येणारा मृत्यू भोपाळकरांनी १९८४ साली पाहिला आहे. तो एका रात्रीत आला. हा वीस ते चाळीस वर्षांनी येतो, म्हणून कोणी त्याला भीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली या कामगारांचा आरोग्याचा हक्क मान्य केला. पुष्कळ देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र तो परदेशातून येतो आणि त्याचे पत्रे विकले जातात.

म्हणून घाबरून जावे काय? नाही. धड पत्र्यातून धूळ फारशी उडत नाही. ती उडते पत्रा कापताना, भोक पाडताना, घासताना आणि फोडताना. पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी निघते, तेव्हा पत्रा कोरडा घासू नये. काढावयाचा झाल्यास पाण्याने भिजवून, अखंड उतरवावा. पडलेला चुरा झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपावा. फुटके तुकडे अंगणातील खड्ड्यांत भरू नयेत. तेथे आपलीच मुले खेळतात. नवे छप्पर घालताना मात्र शक्यतो दुसरा पर्याय निवडावा.

पत्रे चढविणारा मजूर आपल्या घरचा नसला, तरी त्याचा श्वास आपल्याच श्वासाइतका मोलाचा आहे. न्यासाच्या या शुभप्रसंगी एवढे ध्यानात राहिले, तरी आमच्या लेखणीचे सार्थक झाले.