आवाज कमी, हवा जास्त : कॉम्प्युटरचा पंखा निवडताना

पॉवर सप्लायच्या भागानंतर जे प्रश्न आले, त्यांतले सर्वांत जास्त पंख्यांबद्दल होते. इंदूरच्या एका ताई रात्री घरून व्हिडिओ एडिटिंग करतात. त्याच खोलीत त्यांचं लहान मूल झोपतं. रेंडर लावला की कॅबिनेट घोंघावतं, पंखे हळू केले तर मशीन तापून मंदावतं. काम वेळेत द्यायचं की मुलाची झोप सांभाळायची, असं त्यांनी विचारलंय. दोन्ही जमतं, आणि त्यासाठी फार पैसेही लागत नाहीत. फक्त हिशोब नीट समजून घ्यायला हवा.

आधी हवा किती लागते ते बघू

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, जवळपास तेवढीच उष्णता तो बाहेर टाकतो. समजा, रेंडरच्या वेळी आत ४०० वॅट उष्णता तयार होते. आत जाणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा १० अंशांनीच जास्त गरम असावी असं वाटत असेल, तर मिनिटाला सुमारे ७० घनफूट हवा कॅबिनेटमधून वाहायला हवी. सूत्र सोपं आहे: वॅटला १.७६ ने गुणा आणि जेवढे अंश वाढ चालणार आहे त्याने भागा. मिनिटाला इतके घनफूट, यालाच सीएफएम म्हणतात. २० अंशांची वाढ चालणार असेल तर ३५ सीएफएमही पुरतात.

इथेच एक गोष्ट लक्षात घ्या. पंखा हवा थंड करत नाही, तो फक्त उष्णता वाहून नेतो. खोलीत ४० अंश असतील तर कॅबिनेटमध्ये त्याहून कमी तापमान होणारच नाही. म्हणून मे महिन्यात नागपूरला बसलेल्या माणसाला आणि बंगळुरूला बसलेल्या माणसाला तेच मशीन, तेच पंखे असूनही वेगळी सेटिंग ठेवावी लागते.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे?

खोक्यावर लिहिलेले सीएफएम हे पंख्यासमोर कसलाही अडथळा नसताना मोजलेले असतात. प्रत्यक्षात मात्र समोर जाळी असते, धुळीचा फिल्टर असतो, हीटसिंकच्या पात्या असतात. या अडथळ्यांतून हवा ढकलण्याचा जोर म्हणजे स्टॅटिक प्रेशर. तो मिलिमीटर पाण्याच्या उंचीत देतात. आता गंमत बघा, सर्वांत जास्त हवा मिळते ती अडथळा शून्य असताना, आणि सर्वांत जास्त जोर मोजला जातो तो हवा पूर्ण अडलेली असताना. दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. तुमचा पंखा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालत असतो.

दोन उदाहरणं घेऊ. नॉक्टुआचा एनएफ-ए१२एक्स२५ हा १२० मिलिमीटरचा पंखा २००० आरपीएमला सुमारे ६० सीएफएम हवा आणि २.३४ मिलिमीटर जोर देतो. आर्क्टिकचा पी१२ हा १८०० आरपीएमला ५६.३ सीएफएम आणि २.२ मिलिमीटर देतो. कागदावर फरक थोडा, किमतीत मात्र पहिला दुसऱ्याच्या कितीतरी पट. आवाजाचं काय? पहिली कंपनी २२.६ डेसिबल सांगते, दुसरी ०.३ सोन. एककंच वेगळी! शिवाय प्रत्येक कंपनीची मोजायची पद्धत आपापली. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे आवाजाचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका. एकाच माणसाने एकाच जागी मोजलेल्या चाचण्या बघा.

खरी किल्ली: वेग

पंख्याचे नियम असे आहेत. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, जोर पाव होतो, आणि आवाज सुमारे १५ डेसिबलनी उतरतो. १० डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. दोन सारखे पंखे एकत्र चालवले तर आवाज फक्त ३ डेसिबलनी वाढतो. आता बेरीज करा: एक पंखा पूर्ण वेगाने पळवण्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगाने चालवले, तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलनी कमी! अट एकच, जोर पाव झालेला असल्यामुळे पुढची जाळी मोकळी हवी. काचेने किंवा पत्र्याने तोंड बंद केलेलं कॅबिनेट असेल तर हा फायदा मिळत नाही.

आकारालाही हाच न्याय. कॅबिनेटमध्ये जागा असेल तर १२० ऐवजी १४० मिलिमीटरचा पंखा घ्या. त्याच वेगाला तो तत्त्वतः दीडपटीहून जास्त हवा देतो, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी तो हळू फिरवता येतो.

ताईंचं गणित आता मांडू. समोर १२० मिलिमीटरचे तीन पंखे, ९०० आरपीएमला प्रत्येकी २८ सीएफएम, एकूण ८४. जाळी आणि फिल्टरमुळे त्यातली निम्मीच हवा आत गेली असं धरलं तरी ४२ सीएफएम. ४०० वॅटला तापमानवाढ येते सुमारे १७ अंश. मागे हवा बाहेर फेकणारा एक पंखा ठेवला की काम भागतं.

विकत घेण्याआधी

पहिलं, आवाज नेमका कुणाचा आहे ते शोधा. बरेचदा कॅबिनेटचे पंखे गरीब बिचारे असतात आणि ओरडत असतो ग्राफिक्स कार्डचा किंवा प्रोसेसरचा पंखा. सॉफ्टवेअरमधून एकेकाचा वेग थोडा वेळ कमी करून ऐका.

दुसरं, बायोसमधली पंख्याची सेटिंग बघा. तापमान दोन अंश हललं की पंखा चढतो, लगेच उतरतो. एकसारखा आवाज कान विसरून जातो, चढउतार मात्र झोप मोडतो. वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर ठेवा आणि वक्र सपाट करा. याला एक रुपयाही लागत नाही.

तिसरं, चार पिनांचा पीडब्ल्यूएम पंखा घ्या. त्याचा वेग अगदी खालपर्यंत नीट आणता येतो. एका हेडरवर स्प्लिटर लावून दोन-तीन पंखे जोडणार असाल तर त्यांच्या अँपिअरची बेरीज करा. मदरबोर्डचा हेडर साधारण १ अँपिअरपर्यंतच असतो.

चौथं, बेअरिंग. साधं स्लीव्ह बेअरिंग स्वस्त असतं, पण उष्णतेत आणि आडवं बसवल्यावर लवकर खरखरायला लागतं. छतावर किंवा तळाला पंखा बसवायचा असेल तर फ्लुइड डायनॅमिक किंवा बॉल बेअरिंग घ्या.

पाचवं, दिशा. पंख्याच्या ज्या बाजूला आधाराच्या काड्या असतात, तिकडून हवा बाहेर पडते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली आणि ती फिल्टरमधूनच घेतली, तर फटींतून धूळ ओढली जात नाही.

आणि तो फिल्टर महिन्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून लावा. पंखे साफ करताना मशीन बंद ठेवा आणि पाती बोटाने धरूनच ब्लोअर मारा, नाहीतर पंखा भरमसाट वेगाने फिरून बेअरिंगला इजा होते. हे सगळं करून झाल्यावरही गरज उरली, तरच नवा पंखा घ्या. पुढच्या भागात थर्मल पेस्टबद्दल बोलू.