झाड केव्हा तोडावे?

आमच्या गोव्यात झाड तोडण्याची आठवण होते ती वैशाखात. मृग जवळ आलेला असतो, घर शाकारावयाचे असते, आणि इतके दिवस न दिसलेला, छपरावर झुकलेला आंबा एकाएकी डोळ्यांत भरतो. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळाने उन्मळून पडलेली झाडे ज्यांनी पाहिली, त्यांना ही घाई निराळी समजावून सांगावयास नको. तथापि ही वेळ चुकीचीच होय.

आमच्या अंगणातील जुना फणस असाच वैशाखात पाडला. खोड आडवे झाले तेव्हा ढोलीत धनेशाची मादी व दोन पिले सापडली. एकही वाचले नाही. ही मादी विणीच्या काळात ढोलीचे तोंड लिंपून स्वतःस आत कोंडून घेते व नर फटीतून चारा पुरवितो. नर कित्येक दिवस तेथे घिरट्या घालीत होता. वडिलांनी पुढे त्या लाकडाचा पाट करविला, पण त्यावर बसावयास आमची आजी कधी राजी झाली नाही.

लाकडाच्या दृष्टीनेही उन्हाळा वाईटच. कडक उन्हात ओंडक्याची टोके भराभर सुकून तडकतात. पावसाळ्यात जमीन भुसभुशीत, खोड निसरडे, दोर घसरणारे. शिवाय ओल्या लाकडावर बुरशी चढते. खोडाचा बाहेरील फिकट भाग, म्हणजे रसकाष्ठ, यातील पिष्टमय सत्त्वावर भुंगेऱ्यांच्या अळ्या पोसतात. आंब्याचे लाकूड लवकर पोखरले जाते. फणसाचा पिवळा गाभा मात्र टिकाऊ. वृद्ध मंडळी यासाठी कृष्णपक्ष पाहतात. मी म्हणेन, तिथीपेक्षा ऋतू पाहावा.

तो ऋतू म्हणजे मार्गशीर्ष व पौषाचा आरंभ. जमीन घट्ट झालेली असते, आंब्यास मोहर यावयाचा असतो, बहुतेक पक्ष्यांची वीण सुरू झालेली नसते. गार हवेत लाकूड सावकाश सुकते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत चारपाच महिने हाती राहतात. ओंडके मात्र जमिनीस न टेकविता, सावलीत, मध्ये फटी ठेवून रचावेत. घारी थंडीतही घरटी करतात; म्हणून कुऱ्हाड लावण्यापूर्वी एकदा वर पाहावे.

मुळे उचललेले किंवा वाळून गेलेले झाड मुहूर्ताची वाट पाहत ठेवू नये, हे उघड आहे. एरव्ही १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये वृक्षाधिकाऱ्याची परवानगी लागते. तेव्हा अर्ज आश्विनातच करावा. तोडलेल्या झाडाच्या बदली नवे लावण्याचे बंधनही त्याच कायद्यात आहे. मार्गशीर्षात झाड पाडले, तर त्याचा खड्डा खणून, उन्हाने तापवून, मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत रोपासाठी तयार होतो.