परिषदेहून येताना काय आणाल?

परदेशातल्या परिषदेचे निमंत्रण आता फक्त विद्यापीठातल्या प्राध्यापकांनाच येते असे राहिलेले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतले, उर्दू हायस्कूलमधले शिक्षकही आपल्या वर्गातल्या प्रयोगावर निबंध लिहून पाठवतात आणि एक दिवस उत्तर येते, "तुमचा निबंध स्वीकारला आहे, मांडायला या." मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावात ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात होते.

मुलगा किंवा जावई निघाला असेल तर मिठाई वाटली जाते. मुलगी किंवा सून निघाली असेल तर आधी प्रश्न येतात. एकटी कशी जाणार? विमान चुकले तर काय? रात्री कुठे थांबणार? लोक काय म्हणतील? मग कोणीतरी मोठे माणूस म्हणते, "पुढच्या वर्षी बघू," आणि निमंत्रण कपाटात जाते. पुढचे वर्ष सहसा येत नाही.

हे प्रश्न चुकीचे नाहीत. काळजी आहे म्हणूनच घरचे विचारतात. पण यातल्या बहुतेक प्रश्नांना उत्तरे आहेत. घरात एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, तो म्हणजे येताना काय आणणार? अत्तर, खजूर, चॉकलेट यांच्याबद्दल मी बोलत नाही. त्या प्रवासातून शाळेला, घराला, मोहल्ल्याला काय मिळणार, हा तो प्रश्न. आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन प्रवासांकडे पाहिले तर त्याचे उत्तर सापडते.

मालवणचे भांडारकर, परिषद व्हिएन्नाची

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ साली मालवणला झाला. पुण्यातल्या त्यांच्या नावाच्या संशोधन संस्थेमुळे ते सर्वांना ठाऊक आहेत, पण त्याआधी ते शाळामास्तर होते. रत्नागिरीच्या हायस्कूलचे हेडमास्तर म्हणून त्यांनी काम केले. त्यांनी लिहिलेल्या संस्कृतच्या प्राथमिक पुस्तकांवर मुलांच्या कित्येक पिढ्या शिकल्या.

पौर्वात्य विद्येच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद १८७४ मध्ये लंडनला भरली, तेव्हा त्यांना बोलावणे आले होते. घरगुती अडचणीमुळे ते जाऊ शकले नाहीत. पण त्यांनी निमंत्रण कपाटात ठेवले नाही. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध लिहून तो लंडनला पाठवून दिला. पुढे १८८६ मध्ये हीच परिषद व्हिएन्ना शहरात भरली आणि तेव्हा ते स्वतः गेले. तो काळ समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे मानणाऱ्यांचा होता. प्रवास बोटीचा, आणि घरी खुशालीचे पत्र पोचायलाही आठवडे लागायचे.

परतल्यावर त्यांनी या प्रवासाची सविस्तर हकीकत लिहिली. ती रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापून आली. म्हणजे बोटीत एक माणूस बसला, पण परिषदेत काय घडले ते इथे राहिलेल्या अभ्यासकांनाही कळले.

अतिया फैजी यांची पत्रे

दुसरा प्रवास एका मुस्लिम मुलीचा आहे. अतिया फैजी यांचा जन्म १८७७ साली इस्तंबूलला झाला. त्यांचे वडील व्यापारानिमित्त तिकडे होते, घराणे मुंबईचे, सुलेमानी बोहरा. त्यांची बहीण नाझली यांचा विवाह मुरूडजवळच्या जंजिऱ्याच्या नवाबांशी झाला होता. १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती घेऊन अतिया लंडनला गेल्या, त्या शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घ्यायला. मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज हे त्यांचे कॉलेज. आजच्या भाषेत बी.एड. करायला गेल्या म्हणा ना.

लंडनहून त्या घरी पत्रे लिहीत. भेटलेली माणसे, पाहिलेली ठिकाणे, तिथले शिक्षण, सारे त्यात असे. बहीण झोहरा यांनी ही पत्रे नीट लावून लाहोरच्या 'तहजीबुन्निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात छापायला दिली. उंबरठाही फारसा न ओलांडलेल्या कितीतरी वाचक स्त्रियांनी घरबसल्या लंडन पाहिले. पुढे १९२१ मध्ये ही पत्रे 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपात आली. १९०७ मध्ये अल्लामा इक्बाल यांची व त्यांची भेट झाली ती याच मुक्कामात.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. तब्येतीमुळे अतियांचा अभ्यासक्रम पुरा झाला नाही. १९०७ मध्येच त्या परतल्या. ज्या कागदासाठी गेल्या तो हाती आला नाही. तरीही शंभराहून अधिक वर्षांनी तो प्रवास अभ्यासला जातो, कारण त्यांनी पाहिलेले लिहिले आणि बहिणीने ते इतरांपर्यंत पोचवले. प्रमाणपत्र भिंतीवर एकट्याचे राहते, पत्र मात्र हातोहात फिरते.

निघण्यापूर्वी

आता आजच्या प्रवासाकडे येऊ. सर्वांत आधी निमंत्रण खरे आहे का ते पाहावे. "तुमचा निबंध निवडला आहे, ताबडतोब नोंदणी शुल्क भरा" असे सांगणाऱ्या फसव्या परिषदा पुष्कळ निघाल्या आहेत. परिषद कोणते विद्यापीठ किंवा संस्था भरवते, मागच्या वर्षी कुठे झाली, निबंध कोणी तपासला, हे पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. आपण न पाठवलेला निबंधही निवडला गेला असेल, तर ते पत्र तिथेच सोडून द्यावे.

सरकारी व जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना पासपोर्ट काढतानाच कार्यालयाला आगाऊ कळवण्याचे पत्र किंवा ना हरकत प्रमाणपत्र लागते. परदेशी जाण्याची परवानगी आणि रजा यांसाठी अर्ज वेगळा. कागद टेबलावरून टेबलावर सरकायला वेळ लागतो, म्हणून निमंत्रण आले त्याच आठवड्यात अर्ज द्यावा.

महरमचा प्रश्न प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून सोडवावा. पती किंवा भाऊ सोबत येणार असेल तर त्याचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा. शेवटच्या आठवड्यात हा विषय निघाला की जाणेच रद्द होते.

तिकीट काढताना मधे विमान बदलायचे असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर पुढची सोय करणे कंपनीवर येते. दोन तिकिटे वेगवेगळी काढून हजार-दोन हजार वाचतात, पण चुकलेल्या विमानाचे पैसे आपल्याच खिशातून जातात. हलाल जेवण हवे असल्यास 'मुस्लिम मील' म्हणून आधी नोंदवावे, निदान एक दिवस आधी.

विमान उशिरा सुटले तर

आपल्या देशातून निघणाऱ्या प्रवाशांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला चार तास उशीर होणार असेल तर विमान कंपनीने प्रवाशांना खाणेपिणे द्यायचे असते. उशीर २४ तासांपेक्षा जास्त असेल तर हॉटेलची सोय करायची असते. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळात सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तरीही हॉटेल द्यावे लागते. नियमांत बदल होत असतात, म्हणून निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावेत. "रात्री कुठे थांबणार?" या घरच्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे.

मागे मला क्वालालंपूरच्या एका शिक्षक परिषदेला जाण्याची संधी मिळाली. मिस्टर सोबत होते. मुंबईहून रात्रीचे विमान साडेपाच तास उशिरा सुटले. चार तास झाल्यावर काउंटरवर जाऊन नियमाची शांतपणे आठवण करून दिली, तेव्हा खाण्याची कुपने मिळाली. तोवर आम्हाला घरून नेलेल्या कडक भाकरीने आणि शेंगाच्या चटणीने तारले होते. शेजारी बसलेल्या एका कुटुंबाची मुलेही त्यात सामील झाली. विमानतळावर नमाजची जागा विचारली की दाखवतात. प्रवासात चार रकअत फर्जच्या जागी दोन, ही कसरची सवलत आहेच. दोन वेळच्या नमाज एकत्र करण्याबाबत हनफी आणि शाफई मसलकांत फरक आहे, तो आधीच समजून घ्यावा.

त्या रिकाम्या तासांत मी माझा दहा मिनिटांचा निबंध सात मिनिटांवर आणला. तिथे पोचल्यावर कळले की उशिरा आलेल्यांमुळे प्रत्येकाची वेळ कापली गेली होती आणि मला मिळाली सातच मिनिटे.

पाहावे काय?

माझा निबंध घरी दखनी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलांबद्दल होता. मलेशियात सरकारी प्राथमिक शाळा मलय माध्यमाच्या आहेत, तशाच चिनी आणि तमिळ माध्यमाच्याही आहेत. तिथल्या एका शिक्षिकेशी चहाच्या वेळी बोलले तेव्हा तिच्या अडचणी आणि माझ्या अडचणी जुळ्या बहिणींसारख्या निघाल्या. व्यासपीठावरच्या भाषणांपेक्षा मला तो चहा जास्त आठवतो.

परिषदेनंतरचा दिवस फिरण्यासाठी ठेवला होता. पेट्रोनासचे ४५२ मीटर उंचीचे जुळे मनोरे सगळेच पाहतात, आम्हीही पाहिले. पण अधिक वेळ दिला तो १९६५ साली बांधलेल्या राष्ट्रीय मशिदीला. तिचे छप्पर अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखे आहे. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर इस्लामी कला संग्रहालय आहे. त्यात जगभरच्या मशिदींच्या आणि इमारतींच्या प्रतिकृती मांडल्या आहेत आणि भारतासाठी वेगळे दालन आहे.

बाजारात घालवायचा वेळ मी त्या प्रतिकृतींची टिपणे काढण्यात घालवला. परतल्यावर सातवीच्या वर्गात ती दाखवली. मुलांनी पहिल्यांदा विचारले, "आपल्या जवळ असले काही आहे का?" मंगळवेढा एकेकाळी आदिलशाहीत होते आणि मुहम्मद आदिलशाहाचा गोलघुमट शेजारच्या विजापुरात उभा आहे, हे पुस्तकात त्यांनी वाचले होते. पण तो पाहावा असे त्या दिवशी वाटले. त्या वर्षीची सहल विजापूरला गेली.

न जाताही पोचता येते

प्रत्येकाला जाणे जमेलच असे नाही. पैसा, आजारपण, लहान मुले, कारणे खरीच असतात. त्यांनी आपल्या जिल्ह्याकडे पाहावे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे काम जगाने वाखाणले. कोरोनामुळे तो सोहळा ऑनलाइन झाला, त्यासाठी त्यांना विमानात बसावे लागले नाही. दहा लाख डॉलरच्या रकमेतले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिले. भांडारकरांनी १८७४ मध्ये निबंध पाठवला, तसा आज आपल्यालाही पाठवता येतो, शिवाय पडद्यावरून मांडताही येतो.

घरच्यांना विनंती

घरात निमंत्रण आले तर ते कोणाला आले यावरून उत्तर ठरवू नका. मुलाला जे प्रश्न विचाराल तेच मुलीला विचारा. परिषद खरी आहे का, रजा मिळाली का, सोबत कोण, मुक्काम कुठे, पैसे किती? उत्तरे समाधानकारक असतील तर दुआ देऊन पाठवा.

आणि जाणाऱ्याने किंवा जाणारीने तीन गोष्टी कबूल कराव्यात. आल्यावर शाळेतल्या सहकाऱ्यांसमोर एक तास बोलायचे. एखाद्या दुपारी मोहल्ल्यातल्या बायका-मुलींना बोलावून फोटो दाखवायचे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. जे पाहिले, शिकले ते दोन-चार पानांत लिहून काढायचे, उर्दूत, मराठीत, ज्या भाषेत लेखणी चालते तीत. त्या दुपारी मागच्या ओळीत बसलेली एखादी आठवीतली मुलगी विचारेल, "बाजी, पासपोर्ट कुठे काढतात?" तिला पत्ता नीट सांगा, आणि कागद कोणते लागतात तेही लिहून द्या.