आबांचा चाकू आणि माझी सॅक

"मॅडम, हे काय आहे?"

मॉलच्या दारात बॅग तपासणाऱ्या ताईंनी माझ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यातून ती वस्तू काढून तळहातावर ठेवली. मागे रांग. मी म्हटलं, "चाकू आहे. पेरू कापायला." मागचा एक जण फिस्सकन हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "सेफ्टीसाठी ठेवता का?"

नाही हो. खरंच पेरूसाठी.

चाकू आत नेता येणार नव्हता आणि बाहेर ठेवायला जागा नव्हती. मैत्रिणी आत गेल्या, पिक्चर सुरू झाला आणि मी पार्किंगच्या कठड्यावर बसून राहिले. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच. त्या ताईंची काही चूक नव्हती, त्यांना जे सांगितलंय तेच त्या करत होत्या. पण त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्याआधी हॉस्टेलच्या रूममेटने, एका सरांनी आणि माझ्या सख्ख्या मावशीनेसुद्धा मला हेच विचारलं होतं. मुलीच्या बॅगेत चाकू म्हणजे नक्की कुणाची तरी भीती असणार!

हा चाकू माझ्या आबांचा. जुन्नरकडच्या आमच्या गावात बंडीच्या खिशात तो कायम असायचा. शिंगाची मूठ, वीतभरही नाही एवढा आकार, घडी घातली की मुठीत मावणारा. कंपनीचं नावबिव काही नाही, कुठल्याशा आठवडी बाजारातून घेतलेला. आबा त्याने गोणीची सुतळी कापायचे, काकडी सोलायचे, कलम बांधताना फांदीला तिरका छेद द्यायचे, माझ्या पेन्सिलीला टोक काढून द्यायचे. ते गेल्यावर घड्याळ काकांनी घेतलं, रेडिओ आत्याने. चाकू कुणी मागितला नाही. आजी म्हणाली, "तू घे गं. पण जपून, धार लई आहे त्याला."

रील्सवर सध्या 'ईडीसी' म्हणजे एव्हरीडे कॅरीचं फॅड आहे. खिशातल्या वस्तू टेबलावर नीट मांडून फोटो काढायचे, त्यात एक चाकू हवाच. बरेचसे चाकू टेबल सोडून कुठे जात नसावेत असा मला दाट संशय आहे. म्हणून ठरवलं की आपण खरोखर वापरून बघू. मित्रमंडळींकडून आणखी तीन पारंपरिक घडीचे चाकू उसने घेतले आणि महिनाभर आलटून पालटून सॅकमध्ये ठेवले.

पहिला ओपिनेल, फ्रान्सचा. 1890 मध्ये सावोय नावाच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलने तो बनवायला सुरुवात केली. बीच लाकडाची गोल मूठ आणि त्यात मिटणारं पातं, बस. आकारांना नंबर आहेत, माझ्याकडे आला तो आठ नंबर, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. 1955 पासून त्याला एक धातूची कडी असते, ती फिरवली की पातं लॉक होतं. फळं कापायला याच्यासारखा दुसरा नाही. पातं इतकं पातळ की टोमॅटोची साल दाबल्याशिवाय कापली जाते. पण मी तो घेतला ऐन जुलैमध्ये! लाकूड दमट हवेत फुगलं आणि पातं आत अडकून बसलं. नखाने उघडेना, दाताने प्रयत्न करण्याइतकी मी वेडी नाही. मग कळलं की याच्यावर खुद्द सावोयच्या लोकांचीच युक्ती आहे. मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्कन आपटायचं, पातं थोडं वर येतं. कँटीनमध्ये मी ते केलं तेव्हा चहावाले दादा दचकले.

दुसरा लाल रंगाचा, सगळ्यांना माहीत असलेला स्विस चाकू. स्विस सैन्याला घडीचे चाकू 1891 मध्ये मिळाले. कॉर्कस्क्रू असलेला ऑफिसर्स नाइफ कार्ल एल्सेनरने 1897 मध्ये आणला, आजचा लाल चाकू त्याचाच वंशज. प्रामाणिकपणे सांगायचं तर महिनाभरात सगळ्यात जास्त कामाला आला तो हाच. त्यातही पातं कमी आणि छोटी कात्री, स्क्रू ड्रायव्हर जास्त. ट्रायपॉडचा स्क्रू दोनदा सैल झाला, दोन्ही वेळा वाचले. गंजत नाही, अडकत नाही, बघून कुणी घाबरत नाही. पण प्रेम बसलं नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

तिसरा जपानी. आर्किटेक्चर करणारा एक मित्र पेन्सिलींना टोक काढायला वापरतो तो हिगोनोकामी. पितळी पत्रा दुमडून केलेली मूठ, आत साधं पातं आणि पात्याच्या मागे एक छोटी शेपटी. ती शेपटी अंगठ्याने दाबून धरायची, अंगठा हेच लॉक. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा चाकू तयार झाला आणि पुढे जपानमधल्या शाळकरी पोरांच्या खिशात तो सर्रास असायचा. पेन्सिल, बांबू, लाकडाची खेळणी, सगळं त्यावरच. मग ऑक्टोबर 1960 मध्ये समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत हत्या झाली. मारेकरी सतरा वर्षांचा होता. त्याच्या हातात हिगोनोकामी नव्हता, छोटी तलवार होती. तरी त्यानंतर मुलांच्या हातात पातं नको अशी मोहीम देशभर पसरली आणि एकेक कारखाना बंद पडत गेला. आज ते नाव लावून चाकू बनवणारं एकच घराणं उरलंय.

हे वाचताना मला रामपुरी आठवला. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचं काम, पण आपल्याला तो माहीत आहे हिंदी पिक्चरमधल्या गुंडांमुळे. 'वक्त'मधला राजकुमारचा चाकूचा सीन माझ्या बाबांनाही पाठ आहे. 2023 मध्ये रामपूरच्या एका चौकात साधारण वीस फुटांचा चाकू उभारला गेला. शहराला ओळख मिळाली, पण 'खटक्याचा चाकू' म्हटलं की आजही आपल्या डोळ्यांसमोर कारागीर येत नाही.

आता कायद्याचं. शस्त्र कायदा 1959 चा आणि त्याखालचे नियम 2016 चे. त्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं मोडतात, घरगुती आणि शेतीच्या कामाची अवजारं वगळलेली आहेत. आबांचं पातं जेमतेम तीन इंच. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावाच्या किंवा सणाच्या काळात मनाईचे आदेश निघतात, त्यात चाकूचं नाव स्पष्ट असतं. विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालतच नाही. कॉलेज, मॉल, थिएटर यांचे नियम वेगळेच. त्यामुळे 'माझा हक्क आहे' म्हणून दारात वाद घालण्यात अर्थ नाही, हे मी कठड्यावर बसून शिकले.

आणि तो सेफ्टीचा प्रश्न. आबांच्या चाकूला लॉक नाही, फक्त पाठीमागे एक पोलादी पट्टी आहे, तिच्या ताणावर पातं उघडं राहतं. कापताना जोर धारेच्या बाजूला जातो, तेव्हा ते ठीक चालतं. पण टोकाने कशावर जोरात मारलं तर पातं मागे वळून थेट वापरणाऱ्याच्या बोटांवर मिटू शकतं. हे मी एकदा पुठ्ठ्याच्या खोक्यावर करून बघितलं. तर्जनीवर खूण आहे. म्हणजे ज्या कामासाठी लोक मला तो बाळगतेय असं समजतात, त्या कामात तो आधी मलाच कापेल. मावशीला हे समजावलं तर ती म्हणाली, "मग तर मुळीच नको ठेवूस."

तर महिन्याचा हिशेब असा: ओपिनेल उन्हाळ्यात, स्विस शूटच्या दिवशी, हिगोनोकामी परत मित्राकडे (त्याने तीनदा मागितला). रोजच्यासाठी मात्र आबांचाच. कैरी कापली तर पातं काळं पडतं, कारण ते साध्या पोलादाचं आहे. वापरून झालं की पुसून दोन थेंब खोबरेल लावावं लागतं. पिक्चरचा बेत असेल त्या दिवशी तो ड्रॉवरमध्ये राहतो.

गेल्या आठवड्यात सोसायटीत धारवाले काका आले होते, सायकलच्या चाकावर दगड फिरवणारे. मी आबांचा चाकू पुढे केला. त्यांनी पातं उघडून उन्हात धरलं. इतक्या वर्षांच्या धारेने ते झिजून मूळच्या जवळपास निम्मं झालंय, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. काकांनी चाकू मिटून परत दिला. म्हणाले, "हा चाकावर नको, बाई. दगड घ्या आन् घरी हातानं लावा. अजून धा वर्षं चालंल."

दगड घेतलाय. कोन अजून जमत नाही.