मोरिस दलाफोस : प्रशासक आणि भाषाभ्यासक

शासकीय अधिकाऱ्याने केलेली भाषांची नोंद पुढे शास्त्राची सामग्री कशी बनते, हे ग्रियर्सन यांच्या कार्यामुळे आपणांस परिचित आहे. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत असेच कार्य मोरिस दलाफोस (१८७०–१९२६) यांनी केले.

पॅरिस येथे ऑक्टाव्ह ऊदास यांच्याजवळ अरबीचे अध्ययन करून दलाफोस १८९४ मध्ये आयव्हरी कोस्ट वसाहतीच्या सेवेत दाखल झाले. तेथील साठाहून अधिक भाषा व बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह त्यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये ‘ओ-सेनेगाल-निजेर’ हा त्रिखंडात्मक ग्रंथ बाहेर पडला. गव्हर्नर क्लोझेल यांच्या आदेशाने जिल्हाधिकाऱ्यांकडून मागविलेली माहिती हा त्याचा एक मुख्य आधार होय. प्रशासनास प्रत्येक प्रदेशासाठी एक जमात, एक भाषा व एक प्रमुख हवा असे. परंतु ज्या समाजात एकच मनुष्य प्रसंगानुसार दोन-तीन भाषा बोलतो, तेथे ही चौकट वस्तुस्थितीपेक्षा नकाशाच्याच सोयीची ठरते.

हीच अडचण त्यांच्या वर्गीकरणातही दिसते. १९२४ च्या ‘ले लांग द्यू माँद’ या ग्रंथात त्यांनी सुदान व गिनी प्रदेशांतील भाषांचे सोळा गट कल्पिले. त्या गटांची नावे बहुतांशी नद्या व प्रदेश यांवरून घेतलेली आहेत. भौगोलिक सान्निध्य म्हणजे वांशिक नाते नव्हे, हा भेद पुढे ग्रीनबर्ग यांच्या १९६३ च्या वर्गीकरणात अधिक स्पष्ट झाला.

ऊदास व दलाफोस यांनी १९१३ मध्ये संपादिलेल्या ‘तारीख अल्-फत्ताश’ या बखरीची कथा अधिकच बोधप्रद आहे. सतराव्या शतकातील एक इतिहासग्रंथ आणि एकोणिसाव्या शतकात राजकीय हेतूने रचलेली दुसरी कृती त्यांनी एकच ग्रंथ मानून छापल्या, असे २०१५ मध्ये नोबिली व मॅथी यांनी दाखविले. मधल्या शतकभर इतिहासकार त्या संपादनावर विसंबून होते.

तथापि दलाफोस यांस साम्राज्याचा केवळ हस्तक म्हणणे अन्यायाचे होईल. महायुद्धकाळात दकार येथे अधिकारावर असता त्यांनी आफ्रिकन सैनिकांच्या भरतीस विरोध केला. पुढे १९२२ च्या आपल्या ग्रंथात आफ्रिकेच्या संस्कृतींची थोरवीही त्यांनी आग्रहाने मांडली.

अशा सामग्रीचा त्याग करणे आपणांस परवडणारे नाही. मात्र शब्दसंग्रहातील शब्द आणि त्यावर लाविलेले जमातीचे नाव, हे दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे आहेत. पहिला कानाने टिपलेला असतो. दुसरा पुष्कळदा कचेरीत ठरलेला असतो. त्यांची परीक्षाही निरनिराळीच व्हावयास हवी.