मनातल्या पावलांचं वय

फ्रान्समधल्या लियों शहरात ज्याँ देसेती, मार्क जान्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना चालायला लावलं, आणि मग न चालता चालायला लावलं. १९८९ सालची ही गोष्ट. समोर ५, १० आणि १५ मीटरवर खुणा. एकदा खरोखर चालत जायचं, एकदा जागेवरूनच, मनातल्या मनात. दोन्हींना लागलेला वेळ जवळजवळ सारखा भरला. मग त्यांच्या पाठीवर २५ किलोचं ओझं चढवलं. प्रत्यक्ष चालायला तेवढाच वेळ लागला, कारण पायांनी जोर वाढवून भागवून नेलं. मनातली चाल मात्र मंदावली! पाय जागचे हललेसुद्धा नव्हते, तरी मनात चालणारा ओझ्यानं वाकला होता.

खोटं वाटत असेल तर आत्ताच मनात सही करून पाहा. आधी नेहमीच्या हातानं, मग दुसऱ्यानं. दुसऱ्या हाताची सही रेंगाळते, वळणावर अडखळते. हातात पेन नाही, समोर कागद नाही, मग अडखळतंय ते काय?

अडखळतो तो मेंदू. हालचालीची कल्पना म्हणजे पडदा न उघडता चाललेली तालीमच. १९८० साली पेर रोलांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा बोटं ठरावीक क्रमानं हलवण्याची नुसती कल्पना केली तरी हालचालींची आखणी करणारा भाग जागा होत असल्याचं दिसलं. पुढच्या अभ्यासांत लहान मेंदू आणि शरीराचा नकाशा सांभाळणारे भागही यात सामील असल्याचं कळलं. मनातल्या मनात जोरात व्यायाम केला तर नाडी आणि श्वाससुद्धा वाढतात. घाम तेवढा येत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

आता प्रश्न असा, की वय वाढल्यावर या तालमीचं काय होतं? कुठलाही आजार नाही, स्मृतिभ्रंश नाही, नुसतं वय.

याचं उत्तर शोधण्यात फ्रान्समधल्याच दिजों शहरातल्या शारालाम्बोस पापाक्सान्थिस यांच्या गटानं बरीच वर्षं घातली. त्यांनी २००५ मध्ये मांडलेलं चित्र मला फार आवडतं, कारण ते सरधोपट नाही. खुर्चीतून उठणं-बसणं आणि चालणं या रोजच्या गोष्टींत ज्येष्ठांचा मनातला वेळ आणि खरा वेळ तरुणांसारखाच जुळला. पण लहान-लहान खुणांवर हात नेमका नेण्याचं काम आलं, आणि हिशेब बिघडला. खूण जितकी लहान तितका हात जपून, सावकाश न्यावा लागतो. तरुणांच्या कल्पनेत हा सावकाशपणा आपोआप उतरतो, ज्येष्ठांच्या कल्पनेत तितका उतरत नाही. थोडक्यात, कल्पना सरसकट पुसट होत नाही. जिथं नेमकेपणा लागतो, तिथं ती आधी ढिली पडते.

दुसरी चाचणी आणखी गमतीची. पडद्यावर एका हाताचं चित्र येतं, कधी सरळ, कधी उलटं, कधी तिरकं. हात डावा की उजवा, एवढंच सांगायचं. वाटतं की हे डोळ्यांचं काम. पण लॉरेन्स पार्सन्स यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की उत्तर देताना आपण गुपचूप स्वतःचाच हात मनात फिरवून त्या चित्रावर बसवून पाहतो. मनगट जिकडे सहज वळत नाही, तशा चित्राला जास्त वेळ लागतो. मनातल्या मनगटालाही खऱ्या मनगटाच्या मर्यादा असतात! २००९ मध्ये दिजोंच्या गटानं हीच चाचणी ज्येष्ठांना दिली. उत्तरं सावकाश आली, चुकाही वाढल्या, आणि अवघड कोनांतल्या हातांनी सर्वांत जास्त दमवलं.

शिवाय बघण्याची जागाही बदलते. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात ज्येष्ठांना स्वतःच्या शरीराच्या आतून हालचाल अनुभवण्याची कल्पना किंचित जड गेली. स्वतःला बाहेरून, दुसऱ्या कुणाकडे पाहावं तसं पाहणं मात्र टिकून होतं. मेंदूच्या स्कॅनमध्येही कल्पना करताना ज्येष्ठांच्या दृष्टीशी संबंधित भागांना जास्त काम पडलेलं दिसलं आहे. सांधे आणि स्नायूंकडून येणारी खबर वयानुसार पुसट होत जाते. मेंदू मग जे हाताशी आहे त्यावर, म्हणजे चित्रावर, काम चालवत असावा. मला ही हार वाटत नाही, जुगाड वाटतो.

पण प्रत्येक जुगाड बिनधोक नसतो. वृद्धांच्या दवाखान्यात एक साधी चाचणी करतात: खुर्चीतून उठा, ३ मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. ऑलिव्हिए बोशे यांच्या गटानं ज्येष्ठांना ही फेरी प्रत्यक्ष आणि मनात, अशी दोन्ही प्रकारे करायला सांगितली. इथं मात्र मनातली फेरी लवकर उरकली, आणि ज्यांची आकलनशक्ती घटलेली होती त्यांच्यात ही तफावत जास्त होती. मन तरुण असतं असं आपण कौतुकानं म्हणतो. रस्ता ओलांडताना किंवा ओल्या बाथरूममध्ये वळताना हे तारुण्य महागात पडू शकतं.

मनातल्या या तालमीची दुसरी, उपयोगी बाजूही आहे. १९९२ मध्ये ग्वांग युए आणि केली कोल यांनी तरुणांकडून करंगळी बाजूला ताणण्याचा व्यायाम चार आठवडे करून घेतला. खरोखर करणाऱ्यांची ताकद ३० टक्के वाढली, आणि फक्त कल्पना करणाऱ्यांची २२ टक्के. स्लोव्हेनियात खुब्याचा सांधा बदललेल्या ज्येष्ठांनी चालण्याचे व्हिडिओ बघत तशाच चालीची कल्पना केली, तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या जोडीला त्याचाही फायदा झाला.

उठ-चाल-बस ही फेरी घरी करून पाहायची असेल, तर खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि कुणाला तरी जवळ उभं करा. आधी मनात, मग खरी, दोन्ही वेळा घड्याळ लावा. खरी फेरी थोडी लांबली तर घाबरू नका, धडधाकट ज्येष्ठांचंही तसं होतं. मात्र चाल अडखळत असेल, किंवा अलीकडे पडण्याचे प्रसंग आले असतील, तर घड्याळ बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.